उमादेवीला आमच्या घरी मरण नाही

मु. देवणी, ता. उदगीर,
जि. लातूर (उस्मानाबाद नव्हे)

राजमान्य राजश्री साडूभाऊ संगप्पा यांस, देवणीहून शिवप्पाचे मनापासून शरणार्थ.

आधी एकेकाची खुशाली विचारून घेतो, मग माझ्या भानगडीकडे वळतो. तुमचा गुडघा कसा आहे? पायरी चढताना आमच्या दुकानाच्या फळीसारखा करकरतो म्हणून लिहिलं होतं. फळीला आम्ही एरंडेल लावलं, गप्प बसली. गुडघ्याला लावून बघा. नीलम्माअक्काचं पित्त काय म्हणतं? (अक्काचा आवाज खणखणीत असणारच, त्याची चौकशी करत नाही. तो वारा बरा असला की कंधारहून इथवर येतो.) तुमच्या सूनबाईंचं बाळंतपण सुखरूप झालं हे कळलं, बाळाच्या पोटात कळ येते ती वावडिंगाचं पाणी पाजलं की थांबते. तुमच्या लाल कंधारी बैलाची तब्येत बरी असावी. कडब्याची टंचाई तिकडं आहेच, पण तुम्ही स्वतः अर्धपोटी राहाल आणि त्याला घालाल हे मला ठाऊक आहे. सगळ्यात शेवटी, तुमच्या टीव्हीची प्रकृती कशी आहे? चित्र स्वच्छ येतं, की आमच्यासारख्या मुंग्या येतात?

तुमचं मागचं पत्र लई उशिरा मिळालं. तुम्ही पाकिटावर अजून जिल्हा उस्मानाबाद लिहिता, म्हणून ते बिचारं आधी तिकडं जुन्या सासरी जाऊन आलं. साडूभाऊ, आमचा जिल्हा नवा होऊन चार उन्हाळे लोटले, आता सवय करून घ्या. जिल्हा झाला तेव्हा सगळे म्हणाले, आता सगळं जवळ येणार. खोटं कशाला बोलू, आलं. कलेक्टर जवळ आले, कोर्ट जवळ आलं, टीव्हीचा मनोरा जवळ आला. पाणी तेवढं रुसून लांब गेलं. आडात बादली सोडली की ठण्ण वाजते, देवळातल्या घंटेवाणी, आणि आम्ही सवयीनं हात जोडतो. टँकर येतो तो एकाआड एक दिवस, तोही नेमका मालिकेच्या वेळेला. टीव्हीवाले आणि टँकरवाले यांचं काहीतरी आतून ठरलेलं आहे असा आमच्या गल्लीचा पक्का संशय आहे.

आमच्या घरची खुशाली अशी, की तुमची मेहुणी, म्हणजे आमची गौरम्मा, हिच्या डोळ्याचा मोतीबिंदू उदगीरच्या शिबिरात काढला. ऑपरेशन छान झालं. डॉक्टर भला माणूस, पण त्यानं पथ्यं अशी सांगितली की ती पाळण्यापेक्षा मोतीबिंदू परवडला. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही (हे पथ्य सरकारनं आधीच पाळायला लावलंय), टीव्हीकडं बघायचं नाही, आणि मुख्य म्हणजे रडायचं नाही. टाका ताणतो म्हणाले. मी विचारलं, "हसलेलं चालंल का?" तर म्हणाले, "जोरात नको." आता तुम्हीच सांगा, न रडता, न हसता बाईमाणसानं घरात करायचं काय? जाड भिंगाचा चष्मा उदगीरहून यायचाय. तो येईपर्यंत ती डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ओसरीत टीव्हीकडं पाठ करून बसते, आणि टीव्हीत काय चाललंय ते मी तिला सांगतो. निजामाच्या शाळेत चार इयत्ता उर्दू घोकली, ती आयुष्यात कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. आता टीव्हीतली हिंदी मी ऐकतो आणि आपल्या घरच्या कन्नडात तिच्या कानी घालतो. मध्ये मराठवाडी मराठीचं एक स्टेशन लागतं, तिथं गल्लीतल्या बायका चढतात.

हा टीव्ही धाकट्यानं लातूरहून पाठवला. गल्लीत एकच. दोन बांबू एकाला एक जोडून वर अँटिना चढवलाय, आणि तो फिरवायला शेजारच्या साखराबाईंचा पोरगा भुजंग माळवदावर बसतो. खालून आम्ही ओरडतो, "आलं, आलं, आलं... गेलं!" बिचाऱ्यानं आजवर एकही कार्यक्रम बघितलेला नाही, सगळे वरून ऐकलेत. तरी मालिकांवर त्याची मतं माझ्यापेक्षा ठाम असतात.

तुम्ही विचारलं होतं, टीव्हीत तुम्हाला काय आवडतं. साडूभाऊ, सगळंच आवडतं हो! बंद टीव्हीसुद्धा मला बघवतो. पण प्रतवारी लावायचीच, तर सगळ्यात भरवशाचा कार्यक्रम म्हणजे 'व्यत्यय'. ती पाटी लागते, मंद संगीत वाजतं, कोणी कोणाला मारत नाही, कोणाची सून छळत नाही. त्या वेळेत चहा होतो. दुसरा आवडता, शेतीचा कार्यक्रम. त्यात परवा भातलावणी दाखवली. गुडघाभर पाणी! बाया त्यात उभ्या राहून गाणी म्हणतात! आमची सगळी गल्ली तोंडाचा आ करून बघत होती. भात आम्ही पिकवत नाही, पिकवणार नाही. आम्ही नुसतं पाणी बघत होतो. कार्यक्रम संपल्यावर साखराबाई म्हणाल्या, "आण्णा, ते परत लावा." मी सांगितलं, परत लावता येत न्हाई. तर म्हणाल्या, "मग कशाला पायजे असलं येंत्र?"

पण त्याच कार्यक्रमानं माझा असा घात केला की मी त्याला अजून पूर्ण माफ केलेलं नाही. एका संध्याकाळी टीव्हीतल्या बाई म्हणाल्या, आता बघू या मराठवाड्याचं भूषण, देवणी जातीचं गोधन. साडूभाऊ, मी दुकानाची फळी अर्धवट टाकून धावत आलो. अर्धं गाव आमच्या अंगणात. भुजंगला तर पहिल्यांदा खाली बोलावलं, की ये बाबा, आपला बैल टीव्हीत येतोय (मग चित्र गेलं, म्हणून परत वर पाठवला). आणि दाखवलं काय? सडसडीत अंगाचा, एकरंगी, काळ्या डोळ्यांचा बैल! आमच्या देवणीचं रुंद कपाळ नाही, लोंबते कान नाहीत, अंगावर काळ्यापांढऱ्याचा ठिपका नाही. तुमचा लाल कंधारी होता तो, देवणी म्हणून उभा केलेला! काळ्यापांढऱ्या टीव्हीवर लाल रंग दिसत नाही म्हणून काय झालं, आम्हाला बैल कळत नाही? (तुम्ही हा कार्यक्रम बघितला असणार आणि मनातून फुगला असणार. फुगा. पण नाव आमचं झालं हे विसरू नका.)

निराशेच्या कार्यक्रमांत पहिला नंबर हवामानाचा. 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी हलक्या सरी.' ते तुरळक ठिकाण कुठं आहे हे मला एकदा दाखवा, मी बिऱ्हाड हलवतो. इतकी वर्षं चालणारी इतकी खोटी मालिका दुसरी नाही. दुसरा नंबर कपड्याच्या साबणाच्या जाहिरातीचा. ती बाई एक शर्ट धुवायला बादली भरून पाणी ओतते आणि वर हसते. आमच्या बायका तिला ज्या शिव्या घालतात त्या पत्रात लिहिण्यासारख्या नाहीत. तिसरा क्रिकेटचा. सामन्याआधी मैदानावर पाइपानं पाणी मारताना दाखवलं, तेव्हा आमच्या अंगणातली पोक्त माणसं उठून घरी गेली.

पण हे सगळं एकीकडं, आणि गुरुवारची 'चाबियों का गुच्छा' एकीकडं! अहाहा! त्या उमादेवीचा थाट! कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चार सुना चार दिशेला ओढणाऱ्या, पण ही नुसती जुडगा वाजवते आणि घर गप्प. गौरम्माचा तर जीव तिच्यावर. आणि योग बघा, ज्या आठवड्यात हिला शिबिरात न्यायचं ठरलं त्याच आठवड्यात उमादेवीनं अंथरूण धरलं. हिनं लगेच देवापुढं हात जोडले, की तिचं माझं दुखणं संगंच लागलं, ती उठली तर माझा डोळा उठला. ती बरी झाली की गल्लीला गव्हाची गोड हुग्गी जेवू घालीन. मी म्हटलं, अगं, ते नाटक आहे. तर म्हणाली, "नाटक तुमच्यासाठी. मला तिचा खोकला ऐकू येतो."

आणि मागल्या महिन्यात, साडूभाऊ, एका गुरुवारी उमादेवी गेली. तुम्हीही बघितलंच असेल. जुडगा हातातून सुटला, फरशीवर पडला, आणि संपलं. आमच्या अंगणात जो आकांत झाला तो मी खऱ्या मयताला ऐकला नाही. वरून भुजंग ओरडतोय, "कोन गेलं? आरं, कोन गेलं?" त्याला कोणी सांगेना. मग साखराबाई डोळे पुसून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उठा गं, आंगुळी करा. चुली पेटवू नका."

आणि सगळ्या उठल्या की! टँकर नुकताच येऊन गेलेला. रांजण, पिंप, घागरी, सगळं भरलेलं. घरोघर बायकांनी डोक्यावरून पाणी घेतलं. मी आडवा आलो. म्हटलं, साखराबाई, आपल्या शरणसंतांनी सुतक पाळू नका म्हणून सांगून शेकडो वर्षं झाली. त्या म्हणाल्या, "ते तुमच्यात. आमच्यात पाळत्यात." म्हटलं, अहो, पण ती तुमच्या भावकीतली का आहे? तर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "दर बेस्तरवारी घरात येत व्हती, समोर बसून सुखदुःख सांगत व्हती. भावकी तरी यवढी येती का?" गल्लीतले बाप्ये घरी आले तेव्हा प्यायला तांब्याभर पाणी नव्हतं, चूल थंड, आणि कोण वारलं म्हणून विचारलं तर बायका टीव्हीकडं बोट दाखवत होत्या.

आता मुख्य संकट ऐका. ओसरीत पट्टी बांधून बसलेली गौरम्मा. रडणं तिला ऐकू आलंच. "का रडून राहिलेत सगळे?" म्हणून तिनं विचारलं, आणि तिची हनुवटी थरथरायला लागली. मला डॉक्टर आठवला, टाका आठवला. तोंडातून निघून गेलं, "आनंदानं गं. उमादेवी बरी झाली." "आणि पाण्याचा आवाज कशाचा?" "नवसाची आंघोळ करून राहिल्या सगळ्या." बास. तिचा चेहरा असा उजळला की मोतीबिंदू माझाच निघाला असं वाटलं. आणि लगेच म्हणाली, "मग माझी हुग्गी आली!"

नवस तो नवस. लांबच्या मळ्यातून बैलगाडीवर घागरी आणवल्या, गहू कुटले, गूळ काढला. मी घरोघर जाऊन हात जोडले, की बायांनो, जेवायला या, पण तोंड बंद ठेवून या. आणि तिसऱ्या दिवशी, ज्या दिवशी साखराबाई उमादेवीच्या नावानं कावळ्याला घास ठेवायच्या बेतात होत्या, त्या दिवशी सगळी गल्ली उमादेवी बरी झाली म्हणून आमच्या अंगणात हुग्गी खायला बसली! (घास कावळ्याला ठेवलाच. हुग्गीचाच ठेवला. कावळ्यानं दोन्ही कार्यक्रम एका चोचीत उरकले.) गौरम्मानं पट्टीच्या आडून विचारलं, "साखराबाई, तुम्ही तर बघितलंत. कशी दिसत होती हो?" साखराबाईंचा घास हातात. म्हणाल्या, "लई शांत दिसत व्हती माय. चेहऱ्यावर निस्तं तेज." "मग आता उठून बसंल?" "आता कशाची उठ..." इथं मी असा खोकलो की तुमच्या कंधारच्या किल्ल्यावर ऐकू जावं. "...आता कशाची उठबस? आराम हाय तिला." पंगतीत कोणी वर बघेना. साखराबाईंची सून सिंधू पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली.

तेव्हापासून माझा गुरुवार दोन पाळ्यांचा झालाय. टीव्हीत चार सुना किल्ल्यांवरून भांडून राहिल्यात (मालिकेत आता राम राहिला नाही, रटाळ झाली आहे), आणि ओसरीत मला उमादेवी जिवंत ठेवायची आहे, तीही अशी की गौरम्माला रडू येऊ नये आणि जोरात हसूही येऊ नये. सांगायला सोपं वाटतं. मी आधी उमादेवीला माहेरी धाडली. माहेर आपल्याच भागात दिलं, कारण दुसरा भाग मला माहीत नाही. माहेरी दुष्काळ. मग तिनं सुनांना बोलावून घेतलं, किल्ल्यांचा जुडगा सगळ्यांदेखत कोरड्या आडात टाकला आणि म्हणाली, ज्या सुनेला घर पाहिजे तिनं खाली उतरून खणावं. साडूभाऊ, हे मला कुठून सुचलं देव जाणे! पत्र लिहितानाही अंगावर काटा येतोय. आता चारी सुना पदर खोचून आडात उतरल्यात. मुरूम संपला, काळा पाषाण लागलाय. आणि मजा अशी, की गल्लीतल्या बायका टीव्ही चालू ठेवून ओसरीत येऊन बसायला लागल्या. परवा ऐन मालिकेत वीज गेली, तर एकीनंही हूं की चूं केलं नाही. म्हणाल्या, आण्णा, तुमचं चालू द्या, ते नुस्तं भांडत्यात. भुजंगसुद्धा अँटिना सोडून खाली आला.

एकच अडचण आहे. सगळ्या मागं लागल्यात, की पाणी लावा. खडकाला पाझर फोडा. गौरम्माही रोज विचारते, "ओल लागली का?" आणि माझी जीभ रेटत नाही. इथं बाहेर घागरी उताण्या पडलेल्या असताना गोष्टीतल्या आडाला पाणी लावायचं म्हणजे एक तर लई पुण्याचं काम असावं, नाही तर लई पापाचं. तुम्ही चार पोथ्या वाचलेले आहात, तुमचं मत कळवा.

बाकी सर्व क्षेम. थोरांना शरणार्थ, लहानांना आशीर्वाद, बैलाच्या पाठीवर हात फिरवा.

तुमचा साडू,
शिवप्पा

ता. क. : खरं तर एवढ्याचसाठी पत्र लिहायला बसलो होतो. नीलम्माअक्का पुढल्या बाजारच्या दिवशी बहिणीचा डोळा बघायला येणार असं कळलं. आनंद आहे. पण अक्का उंबऱ्यातूनच म्हणतील, "काय गं गौरा, उमादेवी गेली की!" आणि माझी एवढ्या दिवसांची शेती जळेल. हिला रडू फुटलं तर डोळा जाईल. तरी निघण्याआधी अक्कांना नीट समजावून सांगा, की उमादेवी माहेरी आहे, तब्येत उत्तम आहे, सुनांकडून आड खणवून घेते आहे. दोनदा म्हणवून घ्या.

ता. क. दुसरा : तुम्हाला पत्र दुकानात बसून चार गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवायची खोड आहे. हे पत्र तसं वाचू नका. (ही सूचना वर लिहायला पाहिजे होती हे आता ध्यानात आलं. पण कागद संपत आलाय, परत कोण लिहितं?)

पत्र सिंधूकडं देतो, ती बालवाडीत शिकवायला जाताना पेटीत टाकील.

ता. क. तिसरा : मी सिंधू. पेटीत टाकण्याआधी गौराकाकूंनी माझ्याकडून पत्र वाचून घेतलं, आणि त्या सांगतात तसं खाली लिहिते आहे. आण्णा टँकरच्या रांगेत आहेत.

दाजी, शरणार्थ. हे मोठ्यानंच वाचा, अक्का ऐकू दे. अक्का, उमादेवी गेली ते मला त्याच दिवशी कळलं. जुडगा फरशीवर पडला त्या आवाजालाच कळलं. बाई कमरेची किल्ली हातानं सोडते का कधी? मी रडणारच होते, पण हे 'आनंदानं, आनंदानं' म्हणून असे घाबरे झाले की रडायचं राहूनच गेलं. आणि हुग्गी मी सोडणार नव्हते. ती उठली न्हाई तरी माझा डोळा उठला, मग देवाचं देणं राहतंय होय?

अक्का, लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ह्यांनी माझ्याशी 'चहा ठेव' आणि 'दार लाव' यापलीकडं बोलणं केलं न्हाई. आता शेजारी बसून गोष्ट सांगतात. चष्मा आलाय. मागल्या आठवड्यातच आला, सिंधूच्या ट्रंकेत ठेवलाय. एकदा घालून बघितला, छान दिसतं, हे किती वाळलेत तेही दिसलं. आडाला पाणी लागेस्तोवर मी तो घालणार न्हाई. तू ये, पण मला काही माहीत न्हाई असंच धरून बोल. आणि दाजी, पाणी लावावं का असं ह्यांनी विचारलंय, त्याचं उत्तर जल्दी लिहा, पण 'घाई करू नका, पाषाण खोल असतो' असंच लिहा. पाकिटावर जिल्हा लातूर घाला, म्हणजे पत्राला उशीर व्हायचा न्हाई.